काटा खरं बोलतो का?

‘डॅशबोर्ड’ हा शब्द आता ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही आला आहे. पण त्याचं मूळ घोडागाडीत आहे. धावत्या घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून त्याच्या पायांपुढे एक आडवी फळी लावत. चिखल अडवणं एवढंच तिचं काम. मोटार आली, घोडा गेला, चिखल उडवणारं कुणी राहिलं नाही. फळी मात्र राहिली. मग त्या रिकाम्या फळीवर एकेक गोल डबी येऊन बसू लागली. कुणी तिला मीटर म्हणे, कुणी घड्याळ, तर कुणी नुसतं ‘काटा’. आज मला या काट्यांबद्दल बोलायचं आहे. विशेषतः जुन्या ट्रकमधल्या काट्यांबद्दल आणि ते बदलताना काय काय घडतं त्याबद्दल.

विषय गॅरेजमधला वाटेल. पण एकच ट्रक असलेल्या माणसाचं घर त्या ट्रकवर चालतं. इंजिनातलं ऑईल संपलं आणि ते वेळेवर कळलं नाही, तर पाच मिनिटांत इंजिन जाम होतं आणि मागे उरतं कर्ज. तेलाच्या काट्यावर डोळा ठेवणं हाच अशा माणसाचा विमा होता. म्हणून ट्रकमधला काटा ही शोभेची वस्तू कधीच नव्हती.

काट्यांचा जन्म

यातला सर्वांत वडीलधारा काटा मोटारीपेक्षा जुना आहे. युजीन बूर्दाँ या फ्रेंच कारागिरानं १८४९ साली दाब मोजण्याच्या एका साध्या युक्तीचं पेटंट घेतलं. पितळेची चपटी नळी अर्धवर्तुळात वाकवायची आणि तिचं एक टोक बंद करायचं. दुसऱ्या टोकातून आत दाब आला की नळी सरळ व्हायला बघते. रबरी नळीचं वेटोळं पाणी सोडल्यावर उलगडतं ना, तसंच. त्या किंचित हालचालीला छोटं दातेरी चक्र जोडलं की सुई फिरते. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवर ही नळी बसली आणि पुढे तीच ट्रकच्या ऑईल प्रेशर मीटरमध्ये आली. पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी कॉम्प्रेसरवर, गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरवर ही नळी आजही काम करते आहे.

वेगाच्या मीटरचं पेटंट जर्मन अभियंता ओट्टो शुल्झे यानं १९०२ साली घेतलं. गिअरबॉक्सपासून एक लवचीक तार फिरत फिरत डॅशबोर्डपर्यंत येते. तिच्या टोकाला लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी. चुंबक वाटीला स्पर्श करत नाही, तरी फिरताना तिला आपल्याबरोबर ओढू पाहतो. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोघांच्या ओढाताणीतून जो तोल साधतो तो आपला वेग. यात विजेची एकही वायर नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पेट्रोलची गोष्ट आणखी साधी होती. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत पेट्रोल किती आहे हे बघायला सीट उचलून टाकीत काठी बुडवावी लागे. पाण्याच्या तापमानासाठी १९१० नंतरच्या काही वर्षांत रेडिएटरच्या झाकणावरच थर्मामीटर लावण्याची पद्धत आली. ड्रायव्हर काचेतून समोर बघून ते वाचत असे. विजेचा काटा आला तो सेल्फमुळे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला. हँडल मारण्याचे कष्ट वाचले, पण आता बॅटरी आली, ती भरायला डायनामो आला आणि डायनामो खरोखर भरतोय का हे सांगायला अँपिअर मीटर आला.

अशी ही पाच जणांची पंगत जमली : वेग, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, पेट्रोल आणि अँपिअर. पुढे हवेच्या ब्रेकच्या गाड्या आल्या तेव्हा टाकीतल्या हवेचा दाब सांगणारा सहावा काटा आला. घाट उतरायला लागण्यापूर्वी त्याच्याकडे न बघणारा ड्रायव्हर शहाणा म्हणता येणार नाही.

शिवडीहून निघालेले ट्रक

हे काटे आपल्याकडे आले ते मुख्यतः अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्यांबरोबर. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथे शेवरलेट गाड्या, ट्रक, बसच्या चासी उभ्या राहायच्या. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत डॉज आणि फार्गो ट्रकची जुळणी सुरू झाली. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचं अहमदनगर यांच्या दरम्यान एसटीची पहिली बस धावली. त्या सुरुवातीच्या ताफ्यातही शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, लेलँड अशी नाना कुळांची मंडळी होती. प्रत्येकाचा डॅशबोर्ड वेगळा, प्रत्येकाची वायरिंगची रीत वेगळी. पण सगळ्यांची भाषा एकच : वेग मैलांत, तापमान फॅरनहाइटमध्ये, दाब पौंडांत. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि टप्प्याटप्प्यानं अमलात आला. त्यामुळे रस्त्यावरचे दगड किलोमीटर दाखवू लागले तरी केबिनमधला काटा बरीच वर्षं मैलच सांगत राहिला.

१९५३ साली टॅरिफ कमिशननं शिफारस केली की, ज्या कंपन्या इथे टप्प्याटप्प्यानं उत्पादन करणार नाहीत, नुसती जुळणीच करणार, त्यांना वाव देऊ नये. त्यानंतर १९५४ साली जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना बंद केला. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचा ट्रक बाहेर पडला. रस्त्यावर आधीपासून असलेल्या शेकडो अमेरिकन ट्रकना त्या दिवसापासून घरचं कुणी उरलं नाही. सुटा भाग मिळेना, म्हणून मिस्त्री लोक जे मिळेल ते जुळवू लागले. आपल्या मोटार दुरुस्तीच्या कसबाचा मोठा भाग या अडचणीतून घडला, असं मला वाटतं.

असाच एक शेवरलेट ट्रक माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात आहे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. आजोबांनी त्यावर वीस वर्षं गूळ वाहिला. नातवानं तो पुन्हा चालता करायचा ठरवला. यंत्रांचा इतिहास हा माझा जुना नाद, म्हणून डॅशबोर्डचं काम निघालं तेव्हा त्यानं मला बोलावलं. इंजिन उत्तम लागलं होतं. एका दुकानातून नव्या मीटरचा संच आणून, हौसेनं सागवानी फळी करून त्यात तो बसवूनही घेतला होता. दिसायला देखणा. पण पाचातले तीन काटे खोटं बोलत होते, आणि ते का खोटं बोलतात हे शोधताना मला सत्तर वर्षांचा इतिहास उलगडावा लागला.

तीन खोटे काटे

पहिला पेट्रोलचा. टाकी भरलेली असो की रिकामी, सुई कायम ‘फुल’वर. ट्रक दोनदा रस्त्यात बंद पडला. मीटर बिघडलेलं नव्हतं आणि टाकीतला तरंगता गोळाही शाबूत होता. या गोळ्याबरोबर एक रोधक हलतो आणि त्याच्या रोधावरून मीटर पातळी ओळखतं. पण प्रत्येक कंपनीची बोली निराळी. जुन्या शेवरलेटमध्ये रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टाकीला तीस. फोर्डमध्ये उलटं : रिकाम्याला सुमारे ७३ आणि भरलेल्याला दहा. बाजारात सुटे मिळणारे अमेरिकन पद्धतीचे मीटर रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ मानतात. युरोपीय पद्धतीत रिकाम्याला दहा आणि भरलेल्याला १८०. आता हिशोब करा. ट्रकची टाकी शून्य ते तीस या हद्दीतच बोलणार, आणि नव्या मीटरला तेहतीस किंवा त्याखालचं काहीही ऐकू आलं की ते म्हणणार ‘फुल’. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक, पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. सरळ उपाय दोन : मीटरला समजणारा गोळा टाकीत बसवायचा, नाहीतर टाकीला समजणारं मीटर आणायचं.

दुसरा तेलाच्या दाबाचा. नवं मीटर शून्य ते शंभर पौंडांचं. इंजिन तापलं की सुई चौदा-पंधरावर, म्हणजे जवळजवळ तळाशी. घरातली मंडळी घाबरली; कुणी बेअरिंग गेली म्हणालं, कुणी इंजिन पुन्हा उघडायला सांगितलं. खर्च काही हजारांत जाणार होता. पण हे २१६ घनइंचाचं जुनं शेवरलेट इंजिन मुळातच कमी दाबाचं. मुख्य बेअरिंगना तेल दाबानं मिळतं, पण कनेक्टिंग रॉडच्या टोकाला छोटे चमचे असतात. ते खालच्या पन्हळीतलं तेल उडवून घेतात. अशा इंजिनाला चौदा पौंड म्हणजे ठणठणीत प्रकृती. म्हणूनच कंपनीनं मूळ मीटर फक्त तीस पौंडांपर्यंतचं दिलं होतं. त्यावर चौदा पौंडाला सुई बरोबर मध्यावर यायची. आजोबांनी आकडा कधी वाचला नसेल. सुई उभी म्हणजे सगळं ठीक, आडवी पडली की थांबायचं, एवढंच त्यांना पुरेसं होतं. नव्या मीटरनं आकडा खरा सांगितला, पण अर्थ खोटा सांगितला. त्या ट्रकचं जुनं मीटर परत लावलं आणि इंजिन उघडायचा खर्च वाचला.

मात्र जुन्या मीटरची एक जोखीम सांगायला हवी. त्यात इंजिनातलं गरम तेल बारीक तांब्याच्या नळीतून थेट केबिनपर्यंत येतं. वर्षानुवर्षं थरथरून ती नळी तडकली, तर तेल ड्रायव्हरच्या पायावर आणि इंजिन कोरडं. म्हणून जुने मिस्त्री त्या नळीला मध्ये एक-दोन वेटोळी देत. थरथर त्या वेटोळ्यांत जिरते. आम्ही नळी नवी घातली आणि वेटोळी तशीच ठेवली. पाण्याच्या मीटरची नळी तर आणखी नाजूक. तिच्यात ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव कायमचा बंद केलेला असतो. पाणी तापलं की त्याची वाफ होते आणि तिचा दाब वरच्या बूर्दाँच्याच नळीला ढकलतो. ही नळी लांब वाटते म्हणून कुणी कापली की मीटर कायमचं मेलं. असे मेलेले मीटर मी भंगाराच्या दुकानांत कितीतरी पाहिले आहेत.

तिसरा खोटा काटा अँपिअरचा, आणि तो सर्वांत धोक्याचा. मूळ ट्रक सहा व्होल्टचा होता. सहा व्होल्टची बॅटरी आणि बल्ब मिळेनात म्हणून अनेकांनी असे ट्रक बारा व्होल्टवर आणले, तसा हाही आणलेला. डायनामोच्या जागी मोठा आल्टरनेटर आला होता. पण वायरिंग करणाऱ्यानं आल्टरनेटरचा सगळा करंट नव्या अँपिअर मीटरमधूनच नेला होता. इतर मीटर वीज चाखतात, अँपिअर मीटरमधून मात्र चार्जिंगची सगळी वीज वाहते; फक्त सेल्फचा प्रचंड करंट तेवढा बाहेरून जातो. डायनामोच्या काळात हा प्रवाह तीस-पस्तीस अँपिअरच्या आसपास राही. आल्टरनेटर त्याच्या दुप्पट सहज देतो. त्यात मागचं नट थोडं सैल झालं की तिथे उष्णता साठू लागते. घाट चढताना केबिनमध्ये जळका वास येतो, अशी नातवाची तक्रार होती. वासाचं मूळ तिथे होतं. लाकडी फळीमागचं ते टर्मिनल काळं पडलं होतं आणि वायरचं वेष्टन वितळायला लागलं होतं. या काट्याच्या सुईवर सगळं ठीक दिसत होतं. तो नेमका तेवढंच लपवत होता.

जगभरात १९६० च्या दशकात आल्टरनेटर रूढ झाले आणि अँपिअर मीटर हळूहळू मागे पडून व्होल्टमीटर आले, त्यामागे हेच कारण महत्त्वाचं होतं. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते, तीही छोट्या फ्यूजमधून. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान सुई असली की चार्जिंग ठीक. चोवीस व्होल्टच्या ट्रकमध्ये आकडे दुप्पट. आम्ही आल्टरनेटरची जाड वायर इंजिनाच्या बाजूनंच, फ्यूज घालून, सरळ बॅटरीला नेली. जुन्या अँपिअर मीटरची तबकडी तशीच ठेवून आत व्होल्टमीटरचं यंत्र बसवायचं काम एका मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं केलं. तबकडीवरचे आकडे मात्र त्याला बदलायला लावले. डबी जुनी असली तरी आकडा खरा हवा, एवढा माझा हट्ट होता.

अर्थिंगचा एक धडाही सांगतो. लोखंडी डॅशबोर्डवर मीटर बसलं की त्याच्या डबीतून आपोआप अर्थ मिळतो. पण आपल्याकडे ट्रकच्या केबिन बॉडी बिल्डरनी लाकडात बांधण्याची मोठी परंपरा आहे, आणि इथे तर फळीच सागाची. लाकडातून वीज परतत नाही. मग एका मीटरचा करंट दिव्याच्या वायरीतून वाट शोधतो, आणि हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा नाचतो. प्रत्येक मीटरला अर्थची वेगळी वायर देऊन ती सगळी एका बोल्टवर, रंग खरवडून, चासीला आवळली तेव्हा नाच थांबला. इंजिनावरच्या विजेच्या सेंडरला गळती थांबवण्यासाठी पांढरी टेप गुंडाळतात, त्यानंही कधीकधी अर्थ तुटतो. सापळा छोटा, पण माणूस दिवसभर त्यात अडकतो.

काट्यामागचा माणूस

आता काट्यांचा जमाना ओसरतो आहे. अमेरिकेत हडसन कंपनीनं १९३० च्या दशकातच तेलाच्या आणि चार्जिंगच्या काट्याऐवजी लाल दिवे दिले. त्यांना तिकडच्या बोलीत ‘मूर्खांचे दिवे’ म्हणतात. हे नाव मला पूर्ण न्याय्य वाटत नाही; रात्री थकलेल्या ड्रायव्हरला सुईपेक्षा दिवा लवकर दिसतो. पण दोघांत फरक आहे. दिवा लागतो तो बिघाड झाल्यावर. काटा मात्र बिघाड येण्याआधी हळूहळू कलू लागतो. काल चौदावर होता, आज बारावर आहे, असं जो रोज बघतो त्याच्याशीच काटा बोलतो. नव्या ट्रकमधले काटे दिसायला तसेच असले तरी बहुतेक वेळा मध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो. सुई काय दाखवायची हे तो ठरवतो. तापमान थोडं वरखाली झालं तरी ड्रायव्हर उगाच घाबरू नये म्हणून अनेक गाड्यांत सुई मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेली असते.

म्हणून जुन्या ट्रकचे काटे बदलणाऱ्यांना मी तीन गोष्टी आवर्जून सांगतो. जुनं मीटर चालत नसलं तरी फेकू नका. त्याची तबकडी सांगते की या इंजिनाकडून त्याच्या कर्त्यांची अपेक्षा काय होती. नवं मीटर घेताना रूपापेक्षा त्याचे ओहम विचारा. आणि कामाच्या शेवटी वायरिंगचा नकाशा काढा : कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे जाते, फ्यूज कुठे, अर्थ कुठे. त्याची एक प्रत केबिनच्या दाराच्या आत चिकटवा. आपल्याकडच्या मिस्त्रींची पिढीच्या पिढी हा नकाशा डोक्यात घेऊन वावरली. त्यांच्याबरोबर तो गेला, आणि पुढच्याला प्रत्येक वेळी टेस्ट लॅम्प घेऊन शून्यातून सुरुवात करावी लागली. अहवाल, दप्तरं, ताम्रपट यांना आपण इतिहासाची साधनं म्हणतो. दुसऱ्या माणसाला उपयोगी पडेल असा, खरा आणि तारीख घातलेला वायरिंगचा कागद हेही मी इतिहासाचंच साधन मानतो.

त्या शेवरलेटच्या दारावर आता असा कागद आहे. ट्रक वर्षातून काही दिवसच रस्त्यावर येतो, पण येतो तेव्हा त्याचे पाचही काटे खरं बोलतात. आणि नातू आता आजोबांसारखाच, गाडी सुरू केल्यावर आधी तेलाच्या सुईकडे बघतो आणि मगच गिअर टाकतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)